आतून बेज

लासलगावात गाडी बाहेरून धुवायला कारण लागत नाही. बोअरची मोटर चालू असली आणि घरातलं पोरगं रिकामं दिसलं, की गाडी धुतली जाते. आतून साफ करायची म्हटलं की मात्र निमित्त लागतं, आणि ती निमित्तं तीन: घरात लग्न निघालं, गाडी विकायला काढली किंवा कांद्याला भाव आला. यातली पहिली दोन बऱ्याचदा तिसऱ्याच्याच पोटातून निघतात. त्यामुळे विंचूर रस्त्याला कुशनवाल्याच्या दारात चार गाड्या दारं उघडून उभ्या दिसल्या, की बाजार समितीत आज काय भाव फुटला हे विचारावं लागत नाही. ही बाजार समिती १९४७ पासून चालू आहे आणि तिचे भाव दिल्लीपर्यंत बघतात. दिल्लीवाल्यांनी कधी हे दुकानही बघावं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, लिलाव बंद पडले, आणि इथला व्हॅक्यूमही गप्प झाला. एक गिऱ्हाईक पुढच्या दोन सीटा रंगवून झाल्यावर म्हणालं, "मागच्या राहू द्या, बंदी उठल्यावर बघू." बंदी उठली ४ मे २०२४ ला. तोवर ती गाडी पुढून लाल आणि मागून बेज अशी तालुकाभर फिरत होती. ती लाली बघून गाडी शेतकरी संघटनेची असावी, असा पुष्कळांचा समज झाला आणि मालकाला दोन सभांची निमंत्रणं आली.

बेज हा रंग ज्याने मोटारीच्या आत आणला, तो निफाड तालुक्यात कधी आला नसावा. भारतीय माणसाला गाडीत उजेड आवडतो, मोकळं वाटलं पाहिजे, असं कंपन्यांनी कुठेतरी ठरवलं आणि डिझायर असो की इनोव्हा, आत बेज भरून टाकला. शोरूमच्या काचेमागे तो फार खानदानी दिसतो. मग गाडी गावात येते. इथली माती काळी. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारून आलेला माणूस हात धुतो, पण नखांत निळं राहतं आणि ते स्टेअरिंगवर उतरतं. चाळीत साठवलेल्या कांद्याच्या वरच्या सालीखाली काळी बुरशी धरते, तिची काजळी गोणीला लागते, गोणीची पाठीला आणि पाठीची सीटला. नव्या जीन्सचा निळा रंग घामाबरोबर सुटतो आणि बरोब्बर बसायच्या जागी छापला जातो, त्यामुळे गाडीत कोण कुठे बसतं याचा नकाशा आपोआप तयार होतो. वर्षभरात कुशनवाला सीट बघून सांगतो, "तुमच्याकडं मागं डाव्या बाजूला एक कॉलेजला जाणारं माणूस बसतं आणि ते सारखं मोबाईल बघतं." मोबाईलचं कसं कळलं? "एकाच कुशीवर झुकलेलं हाये ना सगळं."

डागांमध्ये सगळ्यात नाट्यमय डाग हळदीचा. लग्नाच्या हळदीला गेलेली गाडी पिवळ्या पंजांसह परत येते. मालक म्हणतो, एवढ्याशा डागाला कुशनवाला कशाला, आपणच घासू. शाम्पू लावून ब्रश मारला, की पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. यात जादू नाही. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी पद्धत याच गुणावर चालते. पण हे रसायनशास्त्र त्या घटकेला कोणाला आठवत नाही. बायको बाहेर येऊन पुढच्या सीटवर कुंकवाचा भलामोठा फराटा बघते आणि विचारते, "हे कोणाचं?" नवरा "हळद आहे ती" म्हणतो, आणि उत्तर खरं असूनही पचत नाही. अशा वेळी लिंबू पिळावं. आम्लाने डाग पुन्हा पिवळा होतो आणि संसार सावरतो. डाग घालवायचा असेल तर कुशनवाल्याचा उपाय एकच: दारं उघडून गाडी उन्हात लावा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे खरं आहे. पण न घासता, न पैसे घेता सांगितलेल्या उपायावर आपल्याकडे विश्वास बसत नाही. लोक म्हणतात, टाळू ऱ्हायला.

आता मुख्य आरोपीकडे येऊ. लासलगावहून पुण्या-मुंबईला निघणारी मोटार रिकाम्या डिकीने निघत नाही. पुण्याचा मेहुणा फोनवर तब्येत विचारतो तेव्हाच गृहिणी समजून जाते आणि गोणी भरायला घेते. धड कांद्याला तसा वास नसतो. तो चिरला किंवा चेंगरला, की आतली विकरं कामाला लागतात आणि गंधकाचे ते प्रसिद्ध रेणू तयार होतात. म्हणजे गोणीतला कांदा निर्दोष. गोणीतून सुटून सीटच्या पट्टीत गेलेला आणि सीट मागे सरकवताना चिरडलेला कांदा गुन्हेगार. त्याहून चिवट म्हणजे पापुद्रे. त्यांना वजन नसतं, त्यामुळे त्यांचं काही वाकडं करता येत नाही. ते एसीच्या जाळीत शिरतात आणि महिन्यांनी, पाहुण्यांना स्टेशनवरून आणताना, पंखा चारवर केला की समारंभपूर्वक बाहेर उडतात. नव्या गाड्यांत बहुधा पुढच्या कप्प्यामागे हवेची एक गाळणी असते, तिला केबिन फिल्टर म्हणतात. हा भाग आपल्या गाडीत आहे हे मालकाला कुशनवाला पहिल्यांदा सांगतो, तेव्हा मालकाला वाटतं हा काहीतरी नवीन विकतोय. मग तो फिल्टर ओढून बाहेर काढतात. त्यावरचा ऐवज बघून मालक काही वेळ श्वास रोखून धरतो. इतके दिवस आपण काय ओढत होतो, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतो.

एका गाडीच्या मागच्या सीटच्या फटीतून कांद्याची हिरवी पात वर आली होती. चांगली वीतभर. पावसात काच उघडी राहिलेली, फोम भिजलेला, बाकी मशागत कांद्याने स्वतः केली. जमलेल्या मंडळींत लगेच चर्चा सुरू झाली, की हा कांदा 'कृषक'मधून आलेला नसणार. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावात उभारलेल्या या केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून कांदा नेतात, म्हणजे त्याला कोंब फुटत नाहीत. इथूनच किरणं दिलेला हापूस २००७ साली अमेरिकेला गेला. "मग गाडीच एकदा तिथून फिरवून आणली तर?" असं कोणीतरी विचारलंच. कुशनवाला म्हणाला, "कोंब थांबतील भो. वास कोण थांबवणार?"

वास थांबवायचा तर सीटा काढाव्या लागतात. फोम पाणी पितो आणि वरून कितीही वाळला तरी आतून ओला राहतो. म्हणून नुसतं शाम्पूने धुतलेल्या गाडीला चार दिवस फुलांचा आणि पाचव्या दिवसापासून गोणपाटाचा वास येतो. फेस कमी, ब्रश मऊ, आणि ओतलेलं पाणी यंत्राने लगेच परत ओढून घ्यायचं, ही खरी रीत. शिवाय हल्ली सीटमध्ये एअरबॅगच्या वायरी असतात. त्या सोडवलेल्या असताना कोणी उत्साहाने चावी फिरवली, की समोर एक लाल दिवा लागतो आणि तो जायला दुसऱ्या माणसाचा संगणक लागतो. सीटा काढून अंगणात मांडल्या, की दुकानाचं रूप पालटतं. हवेत मागेपुढे होणाऱ्या, कमरेला आधार देणाऱ्या त्या खुर्च्यांवर गिऱ्हाईकं, हमाल, शेजारचा पंक्चरवाला असे सगळे पाय पसरून चहा घेत बसतात. ज्या सीटचा मालक गावभर कोणाला बसू देत नाही, तिच्यावर त्या दिवशी सर्वांना समान हक्क असतो.

एरवी त्या सीटवर तसं कोणीच बसलेलं नसतं. नवी गाडी आली की कंपनीचं प्लास्टिक काढायचं नाही, हा पहिला नियम. ते फाटून लोंबायला लागलं, की कव्हर. कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर टॉवेल. साहेबांच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल सरकारी ॲम्बॅसिडरमधून उतरून कधीच खाजगी मोटारीत आला आहे. मंडळी टॉवेलवर बसतात, टॉवेल कव्हरवर बसतो, कव्हर सीटवर बसतं. कुशनवाला हे एकेक सोलत जातो आणि शेवटी मूळ सीट बाहेर येते, तेव्हा मालक तिच्याकडे परक्या नजरेने बघतो. "ही अशी होती?" त्याला वाटत असतं की सीट काळी आहे.

या टॉवेलबद्दल एक सांगितलं पाहिजे. कांद्याच्या वाळक्या सालीत क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं. साली पाण्यात उकळून, तुरटी घालून त्यात सूत किंवा रेशीम बुडवलं तर सोनेरीपासून तांबूस तपकिरीपर्यंत सुरेख छटा येतात. नैसर्गिक रंगाने कापड रंगवणारे लोक ही साल आवडीने वापरतात. आमच्याकडे ओल्या गोणीवर टाकलेला सुती टॉवेल हे काम न उकळता, थोडं ओबडधोबड का होईना, करून दाखवतो. म्हणजे अख्ख्या गाडीत मनापासून रंगलेली वस्तू एकच, आणि ती चाळीस रुपयांची.

कारण सीट रंगवणं, ज्याला दुकानाच्या पाटीवर 'लेदर डाय' म्हणतात, ते रंगवणं कमी आणि लेप देणं जास्त. मोटारीच्या खऱ्या चामड्यावरसुद्धा कारखान्यातच रंगद्रव्याचा एक थर आणि त्यावर एक पारदर्शक थर दिलेला असतो. चिरतो, झिजतो तो बहुधा हा वरचा मुलामा. ड्रायव्हर चढता-उतरता घासतो त्या उजव्या फुगवट्यावर तो आधी जातो. तो परत बसवायचा, एवढंच काम. पण त्याआधी जुनी पॉलिश उतरवावी लागते, आणि इथे कुशनवाल्याचा खरा छळ सुरू होतो. आपल्या लोकांना चकाकी हवी असते. डॅशबोर्ड असा चमकला पाहिजे की काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्ड दिसला पाहिजे. ही चमक सिलिकॉनची, आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही, थेंब थेंब होऊन फाटतो. त्यामुळे आधी अल्कोहोलने पुसा, बारीक पॉलिश पेपर मारा, चिरा भरा, मग रंगाचे पातळ पातळ हात, प्रत्येक हात वाळू द्या, शेवटी वरचा संरक्षक थर. घाई करणारा एका जाड हातात उरकतो आणि तो रंग मग सीटवर न राहता माणसांवर राहतो.

कापडी सीटचं तर आणखी अवघड. ते कापड असतं पॉलिएस्टर. पॉलिएस्टरच्या आत रंग घालायचा तर कारखान्यात दाबाखाली १३० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. एक गृहस्थ ऐकायला तयार नव्हते. येवला इथून जवळ, तिथे पैठणीचं रेशीम रंगवतात, मग माझी सीट का नाही, असा त्यांचा सवाल होता. रेशीम हा प्राण्याचा धागा, तो रंग पितो. तुमचा धागा पेट्रोलियमचा, तो पीत नाही, असं त्यांना समजावलं. माळकरी गृहस्थ होते. न पिणारा धागा ऐकून त्यांचं समाधान झालं आणि ते नुसत्या धुण्यावर राजी झाले.

चामड्याच्या बाबतीत समाधान इतकं सोपं नसतं. गेल्या लग्नसराईत एक अण्णा मुंबईहून घेतलेली जुनी गाडी घेऊन आले. बरोबर त्यांच्या मातोश्री आणि नाशिकचे साडू. सीटा बेज, ठिकठिकाणी तडकलेल्या. त्या वाइनच्या रंगाच्या करायच्या. विंचूरला वाइन पार्क झाल्यापासून हा रंग आमच्या भागात शिष्टसंमत आहे. अण्णा दुकानात शिरताना म्हणाले, "नीट करा बरं का, प्युअर लेदर आहे." हे ते साडूंकडे बघून म्हणाले.

आजी चढता चढता थबकल्या. "कातडं हाये का रे हे?"

"मग? ओरिजनल."

"मंग मी नाय बसायची. गळ्यात माळ हाये माझ्या. पायात घालायची वस्तू ती, तिच्यावर बसून वणीला जायचं व्हय?"

आजींचा मुद्दा अगदीच निराधार म्हणता येत नाही. आपल्या मुलखात चामड्याची कीर्ती आहे ती पायाखालचीच. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात मुरवतात, ती चप्पल २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसली, पण ती घातलेला पाय देवळाबाहेरच काढावा लागतो. कुशनवाल्याने आजींना हात दिला. सीटची बाजूची शिवण बोटभर उसवली आणि आतली बाजू दाखवली. "आजी, खुशाल बसा. हे बघा, मागून विणलेली जाळी. रेक्झिन हाये, कातड्याचा संबंध नाय."

रेक्झिन हे मुळात इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइडमधल्या एका कंपनीचं नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन त्यावर चामड्याचा छाप उठवायचा त्यांचा धंदा होता. आता लेप पीव्हीसीचा असतो, कंपनी आठवणीत नाही, नाव मात्र आपल्याकडे सोफ्यापासून रिक्षापर्यंत पसरलं. साडू नाशिकचे, त्यांना एवढा तपशील नको होता. ते फक्त म्हणाले, "अच्छा. म्हणजे प्लास्टिक." आणि अण्णांचा चेहरा भाव कोसळल्यासारखा झाला.

कुशनवाला धंद्यात मुरलेला. त्याने लगेच सावरलं. "बाजू रेक्झिनच्या असतात, साहेब. मधला पट्टा तेवढा लेदरचा. कंपन्याच तशी देतात." हे खोटं नव्हतं, पुष्कळ गाड्यांत खरंच तसं असतं. अण्णांच्या जिवात जीव आला. पण तोवर आजी नेमक्या मधल्या पट्ट्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या, दाराला खेटून, रेक्झिनच्या हद्दीत अंग चोरून बसल्या आणि साडूंना म्हणाल्या, "तुम्ही बसा मधी. तुम्हाला चालतं सगळं."

मंडळी गेल्यावर मी कुशनवाल्याला विचारलं, मधला पट्टा खरंच लेदरचा आहे का. "छे, सगळंच रेक्झिन. पण आजीचा धर्म आन अण्णाची इज्जत, दोन्ही एकाच सीटवर बसवायची तर फाळणी करावीच लागती."

हा माणूस गावातल्या अर्ध्या घरांचं अंतरंग जाणून आहे, आणि ते शब्दशः. सीट उचलली की खाली काय निघत नाही? हिशोबपट्ट्या, लग्नपत्रिका, बांगडीचा तुकडा, सत्यनारायणाच्या प्रसादाचा कडक झालेला द्रोण, बागेच्या औषधाची चिठ्ठी. चांदवडकडच्या ढाब्याचं बिल निघतं, आणि त्यात जे लिहिलेलं असतं ते बघता एकादशीची तारीख तपासावीशी वाटते. याबाबत त्याचा एक दंडक आहे: सापडलेली वस्तू गाडी सोडायला आलेल्या माणसाच्याच हातात द्यायची, न्यायला आलेल्याच्या नाही. एका नव्या पोराने हा दंडक मोडला. त्या घरची गाडी पुन्हा या दुकानात आली नाही. नंतर ती कोण चालवतं हेही नीट कळत नाही.

रंग वाळला की नाही, हे बघायचं त्याचं साधनही अस्सल इथलं आहे. कापडाच्या धंद्यात रंगाचा पक्केपणा बघायला पांढरं सुती कापड रंगीत कापडावर घासतात. पांढऱ्यावर काय उतरतं ते बघायचं. कुशनवाल्याला वेगळं कापड आणावं लागत नाही. दुपारी कडक इस्त्रीतले पांढरेशुभ्र कार्यकर्ते चहाला येतातच. त्यांना तो अगत्याने नव्या रंगवलेल्या सीटवर बसवतो, चहा मागवतो, आगामी निवडणुकीचा विषय काढतो म्हणजे माणूस जागेवर भरपूर हलतो, आणि उठताना मागून एक नजर टाकतो. अण्णांच्या सीटवर गावातल्या दोन्ही गटांचे लोक बसवून झाले. दोघेही स्वच्छ उठले. कुशनवाला म्हणाला, असा पक्का हात क्वचित बसतो.

गाडी न्यायला पुन्हा सगळे आले. वाइनच्या रंगात त्या सीटा खरोखर देखण्या दिसत होत्या. अण्णा बोटाने दाबून बघत होते, साडू फोटो काढत होते, आजींनी मधला पट्टा कुठून सुरू होतो ते विचारून घेतलं. पैसे मोजून झाले. अण्णा गाडीत बसले, परत उतरले, थोडे घुटमळले.

"एवढा खर्च केलाय," ते म्हणाले, "तर वरून एक कव्हर टाकून द्या. खराब व्हायला नको."

कुशनवाल्याने रंगांचा कॅटलॉग आधीच काढून ठेवला होता. साडूंनी काळा सुचवला. अण्णांना वाइनला मिळताजुळता हवा होता. पानं उलटण्यात बराच वेळ गेला, तेव्हा मागच्या दाराला खेटून बसलेल्या आजी आतूनच ओरडल्या, "मळखाऊ घ्या रे कायतरी!"

"मळखाऊमधी तीन शेड हायेत आजी," कुशनवाला म्हणाला. "आन टॉवेलाचं कापड लावायचं असंल तर त्याचे वेगळे."